बेलुगाच्या चरबीत साठलेले सांडपाणी

कॅनडातली सेंट लॉरेन्स नदी समुद्राला मिळते तिथे, क्यूबेक प्रांताच्या किनाऱ्याजवळ, बेलुगा राहतात. दुधासारखे पांढरे, चार मीटरच्या आसपास लांबीचे आणि इतके बडबडे की दर्यावर्दी लोकांनी त्यांना समुद्रातले कॅनरी पक्षी म्हटले. मराठीत आपण त्यांना देवमासा म्हणू, पण हा मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. त्याची आतडी, यकृत, मूत्राशय आपल्याच घडणीची आहेत. म्हणून त्याचे दुखणे मला फार जवळचे वाटते.

एके काळी इथे हजारोंनी बेलुगा होते. शिकारीने ते शेकड्यांवर आणले. 1979 मध्ये शिकार बंद झाली, तरी संख्या वाढेना. किनाऱ्याला मेलेले बेलुगा लागत होते. डॅनिएल मार्टिनो हे पशुवैद्य आणि पिएर बेलां हे जीवशास्त्रज्ञ त्यांच्या मागे लागले. एकेक धूड ट्रकवर चढवायचे, शेकडो किलोमीटरवरच्या पशुवैद्यक विद्यालयात न्यायचे आणि उघडून पाहायचे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. 1983 ते 1999 या काळात 129 बेलुगांचे शवविच्छेदन झाले. त्यांतल्या प्रौढांपैकी 27 टक्के प्राण्यांना कर्करोग होता. रानावनात किंवा समुद्रात मोकळ्या राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत असे प्रमाण सहसा दिसत नाही. त्यातही लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला कर्करोग ठळकपणे पुढे आला.

आतडेच का? याचे उत्तर शोधताना नजर सागने नदीकडे वळते. ही नदी सेंट लॉरेन्सला मिळते आणि तिच्या वरच्या भागात अॅल्युमिनियमचे मोठमोठे कारखाने आहेत. तिथे अॅल्युमिनियम काढायला दीर्घकाळ सोडरबर्ग पद्धत वापरली जाई. तिच्यात विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) कोळशाच्या डांबरापासून बनवतात आणि ते भट्टीतच भाजले जाते. डांबर तापले की बेंझोपायरीनसारखी संयुगे बाहेर पडतात. सिगारेटच्या धुरात असते तेच हे बेंझोपायरीन. कारखान्याच्या सांडपाण्यातून ती नदीत गेली आणि तळाच्या गाळात बसली.

बेलुगाची खाण्याची रीत इथे त्याच्या मुळावर येते. तो तळाशी जाऊन गाळ उकरतो आणि त्यातले किडे, शिंपले, मासे तोंडाने ओढून घेतो. घासाबरोबर गाळही पोटात जातो. बेंझोपायरीन तसे स्वतः फारसे घातक नसते. शरीर त्याला बाहेर टाकण्यासाठी विकरांकरवी त्याचे रूप पालटू लागते आणि या खटपटीत तयार झालेला एक पदार्थ डीएनएला जाऊन चिकटतो. पेशी विभागताना तिथे चूक होते. अशा चुका साठत गेल्या की गाठ धरते. पुढे या बेलुगांच्या आतड्यातल्या, सतत विभागणाऱ्या पेशींमध्ये डीएनएला चिकटलेली ही संयुगे सापडलीही. आणि सोडरबर्ग भट्ट्यांवर काम केलेल्या माणसांमध्ये फुप्फुस व मूत्राशय यांचे कर्करोग जास्त आढळले होते. विष एकच होते. माणसाने ते श्वासावाटे घेतले, बेलुगाने घासावाटे.

डांबराची संयुगे शरीर निदान मोडून तरी टाकते. पीसीबी हे त्याहून चिवट. विजेच्या ट्रान्स्फॉर्मरमधल्या तेलात पूर्वी वापरले जाणारे हे रसायन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते आणि तिथेच राहते. काही बेलुगांच्या चरबीत ते किलोमागे 50 मिलिग्रॅमच्या वर गेले. कॅनडात ही पातळी ओलांडणारी वस्तू घातक कचरा ठरते. मायरेक्स नावाचे कीटकनाशक तर वाम माशांच्या अंगातून आले. नायगाराच्या बाजूला तयार होणारे हे रसायन ऑन्टारिओ सरोवरात उतरले, तिथे वाढलेल्या वामा अंडी घालायला समुद्राकडे निघाल्या आणि वाटेत बेलुगांच्या तोंडी पडल्या.

माद्यांच्या अंगात ही रसायने नरांपेक्षा कमी सापडतात. हे वाचून क्षणभर बरे वाटते. कारण कळले की वाटत नाही. मादीच्या चरबीतले विष दुधात उतरते. बेलुगाचे दूध म्हशीच्या दुधाहून कितीतरी दाट, आणि पिलू दीड-दोन वर्षे ते पीत वाढते. पहिल्या पिलाच्या वाट्याला आईने जन्मभर साठवलेल्यातला सर्वांत मोठा हिस्सा येतो.

कर्करोगाचे कारण डांबरच, असे न्यायालयात टिकेल इतके ठामपणे म्हणता येत नाही. बेलुगांवर प्रयोग करणार कोण? पण एक पुरावा मला फार बोलका वाटतो. बेलुगाच्या दाताचा काप घेतला की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर दिसतात, त्यावरून जन्मसाल काढता येते. 1970 च्या दशकापासून सागनेत सोडल्या जाणाऱ्या डांबरी संयुगांना लगाम बसत गेला. पुढे 2012 पर्यंतची शवविच्छेदने तपासली तेव्हा, 1971 नंतर जन्मलेल्या एकाही बेलुगात कर्करोग आढळला नाही.

त्याच नोंदींमध्ये नंतरच्या वर्षांत दुसरेच मरण वाढलेले दिसते. बाळंतपणात अडलेल्या किंवा त्यानंतर लगेच मेलेल्या माद्या, आणि नुकती जन्मलेली पिले. तापणारे पाणी, जहाजांचा गोंगाट, असे अनेक संशयित आहेत. त्यांत फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना आग लागू नये म्हणून घातली जाणारी ब्रोमीनयुक्त रसायनेही आहेत. ती थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतात आणि पीसीबीसारखीच चरबीत साठतात. घराघरांतली ही रसायने गटारांमार्गेही नदीत पोचतात.