फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकावा का?

‘बाईकचा १० अँपिअरचा फ्यूज सारखा उडत असेल तर २०चा टाका, नाहीतर फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. गाडी लगेच चालू होते, म्हणून तो पटतोही.

पण फ्यूज असतो तो वायर वाचवायला. वायरच्या जाडीला झेपेल तेवढाच करंट जावा म्हणून त्याचा आकडा ठरलेला असतो. लाल १०चा, पिवळा २०चा. १०च्या जागी पिवळा बसवला की शॉर्ट (उघडी पडलेली वायर गाडीच्या धातूला टेकणं) तसाच राहतो, वितळायची पाळी मात्र वायरिंगवर येते, तीही पेट्रोलच्या टाकीखाली.

खरा दोष शोधायला १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब पुरतो. उडालेला फ्यूज काढून त्याच्या रिकाम्या खाचेतल्या दोन टोकांत बल्ब जोडा, चावी फिरवा. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो. आता हँडल डावी-उजवीकडे वळवा, एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल किंवा विझेल, तिथेच दोष. बहुतेकदा हँडलच्या मानेजवळ किंवा सीटखाली वायर घासून तांबं उघडं पडलेलं सापडतं. तेवढा तुकडा दुरुस्त करा, नीट टेप करा आणि मूळ आकड्याचाच फ्यूज लावा.