गाडी ओढत नाही: इंजिन थकलंय की क्लच घसरतोय?

जुन्या पिकअपवाल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते, "गाडी आता पहिल्यासारखी ओढत नाही". आणि त्यानंतर लगेच चर्चा सुरू होते ती रिमॅपची (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवायची), मोठ्या टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), नाहीतर सरळ इंजिन बांधायची, म्हणजे खोलून नवे भाग टाकायची. अरे पण थांबा, अडीच-तीन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत "ओढत नाही" याचे दोन पूर्ण वेगळे अर्थ असतात, एक म्हणजे इंजिन ताकद बनवतच नाहीये, आणि दुसरा म्हणजे इंजिन बनवतंय पण ती चाकापर्यंत पोचतच नाहीये कारण मध्ये क्लच घसरतोय. सीटवर बसून दोन्ही सारखंच वाटतं, चढ आला की गाडी मरगळते आणि आपण पाय अजून दाबतो. पण अपग्रेडचा प्लॅन दोन्हीत अगदी उलटा निघतो, त्यामुळे आधी हे ठरवल्याशिवाय एक रुपया पण घालू नये असं माझं स्पष्ट मत.

फरक ओळखायची जागा म्हणजे आरपीएमचा काटा. इंजिन थकलं असेल तर काटा वर जायलाच कंटाळा करतो, तुम्ही पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबलाय आणि आरपीएम पण हळू, स्पीड पण हळू, दोघं हातात हात घालून रडतखडत चढतात. क्लच घसरत असेल तर काटा उलट नको तितक्या उत्साहाने वर पळतो, आवाज वाढतो, आणि स्पीड जिथल्या तिथे. बस, एवढंच आहे मुळात, पण चालवताना लोक स्पीड आणि आवाज बघतात, काट्याकडे बघतच नाहीत.

टेस्ट साधी आहे. मोकळा सरळ रस्ता बघा, थोडा चढ असला तर अजून उत्तम, गाडी चौथ्या किंवा पाचव्या गिअरला १५०० ते २००० आरपीएमवर आणा आणि पाय पूर्ण खाली. आता इथे हिशोब लक्षात ठेवा, मॅन्युअल गाडीत एका गिअरला आरपीएम आणि स्पीड यांचं प्रमाण फिक्स असतं, ते बदलूच शकत नाही. समजा टॉप गिअरला २००० आरपीएमला ८० चा स्पीड असतो तर २५०० ला १०० च व्हायला हवा. काटा २५०० वर आणि स्पीड ८५, तर मधले १५ क्लच प्लेटवर जळतायत, आणि थोड्या वेळात तो ओळखीचा जळका वास पण येईल. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर आरपीएम आणि स्पीड एकत्र रेकॉर्ड करून घरी बसून बघता येतं, मग काटा नीट बघितला का नाही हा वादच राहत नाही.

ही टेस्ट वरच्या गिअरलाच का? पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी पटकन पळते, इंजिन जास्तीत जास्त टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) पट्ट्यातून भर्रकन निघून जातं, क्लचवर ताण क्षणभरच. टॉपला मात्र ते तिथेच अडकून राहतं, टर्बो डिझेलमध्ये साधारण १८०० ते २५०० च्या मध्ये, आणि तेवढा वेळ प्लेटला पूर्ण टॉर्क धरून ठेवावा लागतो. म्हणून सुरुवातीची घसरण फक्त चढावर, लोड असताना, टॉपलाच दिसते आणि शहरात फिरताना माणसाला काहीच कळत नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही जी टेस्ट सगळे सांगतात ती फक्त पार मेलेला क्लच पकडते, त्यात पास झाला म्हणजे क्लच चांगला असं अजिबात नाही, वर प्लेट आणखी झिजते ते वेगळंच.

अजून एक गोंधळ इथेच उरकून टाकतो. गिअर पडताना कर्रकन आवाज येणं किंवा रिव्हर्स पडायला त्रास होणं हे घसरणं नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल तर असं होतं, म्हणजे बरोबर उलटा आजार. इंजिन बंद करून गिअर लोण्यासारखे पडतायत आणि चालू असताना अडतायत, तर हायड्रॉलिक, पेडलचं सेटिंग, रिलीज बेअरिंग हे बघा. फक्त एकाच गिअरला, बहुतेक वेळा दुसऱ्या, आवाज येत असेल तर सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी कडी) गेलेली असते, त्यात क्लचचा संबंध नाही.

आता काटा हळू चढतोय, म्हणजे इंजिन थकलंय असं समजून लगेच खोलू नका. आधी फुकटातल्या आणि स्वस्तातल्या गोष्टी बघा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) फाटलेला पाइप (लोडवर फुस्स असा आवाज आणि मागे काळा धूर), काजळीने भरलेला ईजीआर (जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), चोक झालेला डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेतला काजळीचा फिल्टर), आणि कधीकधी तर नुसता एक सेन्सर बिघडल्यामुळे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गाडीला लिंप मोडमध्ये (मुद्दाम कमी ताकदीवर) टाकून बसलेला असतो आणि मालक बोअरिंगचा खर्च विचारत फिरतोय. ब्रेक चिकटलाय का तेही बघा, लांब चालवून आल्यावर एकच चाक भलतंच गरम लागत असेल तर उत्तर तिथेच आहे.

हे सगळं ठीक असेल तर मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते मोजायचं. डिझेलला साधारण २० ते ३० बारच्या घरात, पेट्रोलला १० ते १४, नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. पण मी आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बघतो, चारही थोडे कमी पण सारखे असतील तर इंजिन वयानुसार झिजलंय, एकच १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्या एकाला काहीतरी झालंय, व्हॉल्व्ह, रिंग, नाहीतर गॅस्केट. लीकडाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून गळती बघणं) करता आली तर हवा कुठून पळते तेही कळतं, ऑइल फिलरमधून फुसफुसली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे हे दोन आजार खरोखर एकमेकांत मिसळतात. रिंगा झिजल्या की ज्वलनाचा गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनचा खालचा भाग, जिथे क्रँक, म्हणजे मुख्य दांडा फिरतो) उतरतो, याला ब्लोबाय म्हणतात. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल फिलरचं झाकण काढा, थोडी वाफ चालते, पण झाकण उलटं ठेवल्यावर थडथड नाचायला लागलं किंवा धूर धापा टाकत बाहेर यायला लागला तर ब्लोबाय जास्त आहे (ब्रीदर, म्हणजे हा दाब बाहेर सोडणारी नळी, चोक आहे का ते आधी बघा, तसा असला तरी प्रेशर वाढतंच). हा दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि बऱ्याचदा सापडतं ते क्रँकचं मागचं ऑइल सील. त्या सीलच्या पलीकडे काय? फ्लायव्हील आणि क्लच प्लेट. ऑइल प्लेटवर गेलं की प्लेट भरपूर शिल्लक असली तरी घसरते. मग माणूस नवीन क्लच सेट टाकतो, नवीन सील पण टाकतो, आणि काही महिन्यांनी परत तेच, कारण मूळ दाब तसाच आहे. म्हणून क्लच उतरवल्यावर बेल हाउसिंगचा (क्लचभोवतीचं आवरण) आतला भाग स्वतः बघा. कोरडी काळी धूळ असेल तर प्लेट नैसर्गिकरीत्या झिजली, ओलसर काळा थर असेल तर आधी तेल कुठून आलं ते शोधा. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलच्या वासात फरक असतो, गिअर ऑइल उग्र गंधकासारखं वास मारतं, तसं असेल तर सील गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं गेलंय, इंजिन निर्दोष.

ऑटोमॅटिक असेल तर वरचा फिक्स प्रमाणाचा हिशोब तसाच्या तसा लावू नका. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून जोर पुढे देणारा भाग) कमी स्पीडला घसरतोच, त्याचं कामच ते. लॉकअप लागल्यावर (कन्व्हर्टर आतून घट्ट जोडला गेल्यावर), म्हणजे टॉप गिअरला स्थिर स्पीडवर, मात्र आरपीएम स्थिर राहायला हवा. तिथे हलका अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर काटा वरखाली करत असेल तर लॉकअप क्लच किंवा आतले क्लच पॅक संशयित. ऑइल लालसर आहे की तपकिरी आणि जळक्या वासाचं, हे बघायला फार वेळ लागत नाही. लोड ओढणाऱ्या ऑटोमॅटिकला मी पॉवरच्या आधी मोठा ऑइल कूलर देईन, कारण हे गिअरबॉक्स मरतात ते बहुतेक उष्णतेनेच.

मग प्लॅन काय? क्लच घसरत असेल आणि इंजिन धडधाकट असेल तर आधी क्लच, आणि पुढे रिमॅप करायचा विचार असेल तर तो आत्ताच धरून क्लच निवडा, गिअरबॉक्स दोनदा उतरवायचा मूर्खपणा कशाला. कंपनीचा क्लच मूळ टॉर्कपेक्षा थोडं जास्त धरेल एवढाच बनवलेला असतो, त्यामुळे अर्धी झिजलेली प्लेट आणि वर रिमॅप म्हणजे पहिल्याच चढाला वास. पण याचा अर्थ रेसिंगची सिरॅमिक प्लेट टाका असा नाही, ती झटका देऊन पकडते, लोड भरून रिव्हर्स घेताना जीव नको करते. कामाच्या गाडीला साधी ऑरगॅनिक प्लेट आणि जरा कडक प्रेशर प्लेट बरी. कडक प्रेशर प्लेटचं एक आहे, पेडल जड होतं आणि क्लच दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जोर वाढतो, जुन्या इंजिनात क्रँक पुढेमागे किती हलतो ते आधी मोजून घ्या. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल तर तेही याच वेळी तपासा, आयडलला खडखड करून क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर ते संपत आलंय. सॉलिड फ्लायव्हील टाकून पैसे वाचवणारे असतात, पण जी थरथर आधी फ्लायव्हील गिळायचं ती मग गिअरबॉक्सकडे जाते.

इंजिन थकलेलं आणि क्लच ठीक, तर रिमॅप विसरा. ब्लोबायवाल्या इंजिनात बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवला की रिंगवरचा दाब वाढतो, ब्लोबाय अजून वाढतो, पुढे सील. आधी इंजिन बांधा, लायनर-पिस्टन जे लागेल ते, आणि इंजिन बाहेर असताना मागचं सील आणि रिलीज बेअरिंग बदलूनच घ्या. दोन्ही गेलं असेल तर क्रम तोच, इंजिन, मग क्लच, पॉवर सगळ्यात शेवटी.

गिअरबॉक्सचं ऑइल काढताना ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बोट फिरवा. राखाडी बारीक पेस्ट नॉर्मल, ऑइलमध्ये पितळी चमक (पितळ मॅग्नेटला चिकटत नाही) म्हणजे सिंक्रो झिजतायत, हाताला लागतील असे तुकडे आले तर क्लच अपग्रेड बाजूला ठेवून गिअरबॉक्स उघडा. क्लच मजबूत झाला की जोर पुढे सरकतो, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, मग क्राऊन पिनियनवर. आणि हो, कोणी आधीच मोठे टायर टाकले असतील तर तेही हिशोबात धरा, व्यास १० टक्क्यांनी वाढला की सगळे गिअर १० टक्क्यांनी लांब होतात, म्हणजे "ओढत नाही" मधला एक हिस्सा ना इंजिनचा ना क्लचचा, तो टायरचा असतो, आणि स्पीडोमीटर पण खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

नवीन क्लच बसल्यावर पहिले ८००-१००० किलोमीटर चालू-थांब असं मऊ चालवा, प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांवर नीट बसू द्या, आणि रिमॅपची अपॉइंटमेंट त्यानंतरची घ्या. रिमॅप झाल्यावर तीच टॉप गिअरची टेस्ट परत करा, आधीच्या रेकॉर्डिंगशी आरपीएम आणि स्पीडचं प्रमाण जुळलं की मग लोड भरायला हरकत नाही.