व्यवसाय मार्गदर्शन : खान्देश

विद्यार्थ्याचा कल, घरची परिस्थिती आणि आसपासचा रोजगार यांचा मेळ घालून त्याला व्यवसाय शिक्षणातला अभ्यासक्रम निवडायला आणि पुढे कामाला लागायला केलेली मदत म्हणजे व्यवसाय मार्गदर्शन. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ही मदत बहुतेक वेळा घरातूनच मिळते. दहावीचा निकाल लागला की मामा किंवा आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) केलेला चुलतभाऊ ट्रेड, म्हणजे तिथला अभ्यासक्रम, ठरवून टाकतो.

2016 पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी झाली. तिच्या अहवालात ‘तांत्रिक’ क्षेत्राकडे कल आहे एवढे कळे. फिटर व्हावे की वेल्डर, हा प्रश्न तसाच राही. प्रवेशाच्या कागदांवरचे ‘जोडारी’, ‘संधाता’, ‘तारतंत्री’ हे शब्द वाचून तर फिटर, वेल्डर, वायरमन या ओळखीच्या ट्रेडचीही ओळख पटत नाही. प्रवेशाच्या शेवटी ‘समुपदेशन फेरी’ असते, पण तिथे समुपदेशन थोडे आणि उरलेल्या जागा भरण्याची घाईच अधिक.

ट्रेडचे नाव आणि त्यातले रोजचे काम यांतले अंतर मुलाला आधी दाखवणे, हा मार्गदर्शनाचा गाभा. फिटरचे पहिले आठवडे व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून कानस चालवण्यात जातात. काटकोन तपासण्याचा ट्राय स्क्वेअर लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. प्रवेशाआधी मुलाला तासभर वर्कशॉपमध्ये उभे केले, तर कितीतरी चुकीच्या निवडी तिथेच टळतील. मुदतही सांगावी लागते : वेल्डर एक वर्षाचा, फिटर व इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी ते जास्तीचे एक वर्षही मोजले जाते. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही वाट मात्र अनेक घरांत पोचतच नाही.

दुसरा भाग स्थानिक रोजगाराचा. भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी आणि जवळच दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र. जळगावला ठिबक सिंचन, पाइप व चटईचे कारखाने. साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा सौर प्रकल्प. शिकाऊ उमेदवारी (ॲप्रेंटिस), म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी राहून शिकणे, 1961 च्या कायद्याने चालते. मध्य रेल्वेच्या ॲप्रेंटिस भरतीत भुसावळ हा वेगळा गट असतो. ‘रेल्वेत लागला’ आणि ‘रेल्वेत ॲप्रेंटिस केली’ यांतला फरक पालकांना आधीच समजावून द्यावा लागतो, कारण उमेदवारी संपली म्हणजे नोकरी पक्की झाली असे नव्हे.

सातपुड्यात गणित बदलते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीतल्या माहितीपत्रकाचा फारसा उपयोग होत नाही. मुंबईपेक्षा सुरत जवळची, आणि हंगामात घरची माणसे मजुरीसाठी गुजरातेत गेलेली. अशा मुलाचा पहिला प्रश्न ट्रेडचा नसतोच. वसतिगृह मिळेल का, हे तो आधी विचारतो.