विद्युतदर्शी परत पाठवण्यापूर्वी हे वाचा

विद्युतदर्शी म्हणजे विद्युत प्रभार आहे का ते दाखवणारे उपकरण: वर धातूची चकती आणि खाली तिला जोडलेली वर्खाची दोन पातळ पाने. त्याबद्दल आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी: "कांडी जवळ नेली की पाने उघडतात, दूर नेली की मिटतात. पीस खराब दिसतो." पीस खराब नाही. तो नीट चालतो आहे याचीच ही खूण आहे.

पीव्हीसीची कांडी लोकरीने घासली की लोकरीतले काही इलेक्ट्रॉन कांडीवर येतात आणि कांडी ऋणप्रभारित होते. (घासून प्रभार नव्याने तयार होत नाही. कांडीवर जितका ऋण, तितकाच धन लोकरीवर उरतो. परीक्षेत हे हमखास विचारतात.) ही कांडी चकतीजवळ धरली की चकतीतले इलेक्ट्रॉन खाली पानांकडे ढकलले जातात. दोन्ही पानांवर एकाच जातीचा प्रभार आल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. पण यात उपकरणाला बाहेरून काहीच मिळालेले नसते, आतल्याच इलेक्ट्रॉनांनी जागा बदललेली असते. कांडी हलवली की ते मूळ जागी येतात आणि पाने मिटतात.

पाने उघडी राहायला हवी असतील तर कांडी जवळच धरून दुसऱ्या हाताचे बोट चकतीला लावा. पानांकडे गेलेले जादा इलेक्ट्रॉन शरीरातून जमिनीत जातात आणि पाने मिटतात. घोळ होतो तो इथेच. पाने मिटली, म्हणजे प्रयोग फसला असे समजून मुले कांडी बाजूला करतात, आणि बोट मात्र चकतीवरच राहते. मग गेलेले इलेक्ट्रॉन त्याच बोटातून परत येतात आणि उपकरण पुन्हा कोरेच.

आधी बोट काढायचे, मग कांडी. असे केले की पाने आपोआप उघडतात आणि उघडीच राहतात. आता उपकरणावर धन प्रभार आहे, कांडीच्या उलटा. खात्री करायची तर तीच कांडी हळूहळू जवळ आणा, पाने एकमेकांकडे सरकतील. फारच जवळ नेलीत तर मिटून पुन्हा उघडतील. त्यासाठी कृपया फोन करू नका, तसेच व्हायला हवे.

पाने उघडी न राहण्याचे दुसरे कारण हवेतला ओलावा. दमट दिवसात कांडीवर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो आणि प्रभार निसटून जातो. कांडी आणि लोकर कोरड्या ऊबदार जागी थोडा वेळ ठेवा, घासलेल्या टोकाला हात लावू नका. डब्यातली सिलिका जेलची पुडी फेकू नका. आणि कांडी किंवा चकती घरच्या वीजजोडणीला कधीही लावायची नाही.

परत आलेला प्रत्येक पीस आम्ही वाळवून तपासतो. तो चांगला निघाला तर पाठवणीचा खर्च ग्राहकाकडे राहतो. काहींना हे खटकते, पण चालू उपकरणाच्या ये-जा खर्चाचा बोजा सगळ्यांच्या किमतीवर टाकणे आम्हाला पटत नाही. सोन्याऐवजी ॲल्युमिनियमचा वर्ख का, असेही विचारले जाते. सोन्याची पाने जास्त पातळ आणि संवेदनशील असतात हे खरे, पण वर्गातल्या हाताळणीत ती टिकत नाहीत.

वर्ख फाटला तर अख्खे उपकरण घेण्याची गरज नाही, सुट्या पानांचा संच मिळतो. धन प्रभार थेट दाखवायचा असेल तर रेशमी फडक्यासह काचेची कांडीही वेगळी मागवता येते. मागणी नोंदवताना उपकरणाच्या तळावरचा मॉडेल क्रमांक लिहा, पानांची लांबी त्यावर ठरते.