शोफार

शोफार : यहुदी धर्मविधीत फुंकले जाणारे शिंग, बहुधा मेंढ्याचे. रोश हाशाना या नववर्षाच्या सणाला (तिश्री महिन्याचा १ व २ रा दिवस) त्याचा नाद ऐकणे ही धर्माज्ञा मानली जाते. बायबलमधील लेवीय (२३:२४) व गणना (२९:१) हे ग्रंथ या दिवसाचा संबंध ‘तेरुआ’ नादाशी जोडतात; वाद्याचे नाव मात्र तेथे येत नाही. मराठी बायबलमधील ‘रणशिंग’, ‘कर्णा’ या शब्दांमुळे धातूच्या वाद्याचा भास होतो. यरुशलेमच्या प्राचीन मंदिरातील चांदीचे कर्णे (हत्सोत्सरोत) हे वेगळे वाद्य होते.

शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेतील रानबोकडवाचक ‘शप्पारु’ या शब्दाशी त्याचा संबंध लावला जातो व तो अधिक संभाव्य वाटतो. ‘आचरण सुधारा’ या अर्थाच्या हिब्रू धातूशी मिद्राशात (बायबलवरील पारंपरिक यहुदी भाष्यात) घातलेली सांगड उपदेशपर आहे. ‘योवेल’ हा पर्यायी शब्द मुळात मेंढ्याचा वाचक असावा. अरबस्तानात मेंढ्याला ‘युव्ला’ म्हणतात, असे रब्बी (यहुदी धर्मपंडित) अकिवांचे निरीक्षण तालमुदात (यहुदी धर्मचर्चांच्या संग्रहात) नोंदले आहे.

शिंग कोणते, याबद्दल मिश्ना या मौखिक धर्मनियमांच्या संहितेतच (इ. स. सु. २००) मतभेद आहे. एका मतानुसार नववर्षाला रानबोकडाचे सरळ शिंग व उपवासदिनी मेंढ्याचे वाकडे शिंग फुंकावे; रब्बी यहुदांच्या मते नववर्षालाच मेंढ्याचे. पुढे हेच मत रूढ झाले. वाक नम्रतेचा आणि मेंढा बायबलमधील इसहाकाऐवजी मेंढा बळी दिल्याच्या प्रसंगाचा स्मारक, असे त्याचे समर्थन आहे. गाईचे शिंग वर्ज्य. हरणाचे भरीव शृंग पोकळ नसल्याने शोफार ठरत नाही. येमेनी यहुदी कुडू या आफ्रिकी हरिणवर्गीय प्राण्याचे लांब, पिळदार शिंग वापरतात. ते मात्र पोकळ असते.

घडवताना शिंग उकळून किंवा वाळवून आतील हाडाचा गाभा काढतात. शेंड्याकडील भाग भरीव असतो. तो ऊब देऊन थोडा सरळ करतात, टोक कापतात आणि पोकळीपर्यंत भोक पाडून फुंकण्याचे तोंड घडवतात. सरळ न करता भोक पाडल्यास सळई बाजूची भिंत फोडते. उष्णता जास्त झाल्यास शिंग करपून ठिसूळ होते. उभी चीर विशेष घातक, कारण फुंकरीच्या दाबाने ती वाढत जाते. अशा चिरेने शोफार बाद होतो. भोक परक्या पदार्थाने बुजवले तरी तो बाद. शिंगाच्याच तुकड्याने बुजवल्यास बहुतांश भाग शाबूत व नाद पूर्ववत असावा लागतो. रुंद टोकाकडून फुंकलेले, दोन शिंगे जोडून केलेले किंवा ओठ टेकतात तेथे सोन्याचा मुलामा दिलेले शोफार चालत नाही. किमान लांबी एक ‘तेफाख’, म्हणजे चार बोटांची रुंदी. मुठीत धरल्यावर दोन्ही बाजूंनी थोडे दिसले पाहिजे.

नाद तीन. तेकिया अखंड असतो, शेवारीम म्हणजे तीन तुटक, कण्हल्यासारखे स्वर, तर तेरुआ म्हणजे किमान नऊ आखूड स्वर. बायबलमधला ‘तेरुआ’ नेमका कोणता, हा खरा प्रश्न आहे. बायबलच्या अरामी भाषांतराने त्याला ‘येवावा’ (विलाप) म्हटले. पण विलाप म्हणजे उसासे (शेवारीम) की हुंदके (तेरुआ)? कैसरियाच्या रब्बी अबाहूंनी (इ. स. सु. ३००) दोन्ही, आणि दोन्ही एकत्र, असे तीन प्रकार लावून दिले. प्रत्येकाच्या आधी व नंतर तेकिया आणि प्रत्येक रचना तीनदा, म्हणून १२ + ९ + ९ = ३० नाद. दहाव्या-अकराव्या शतकांतील बॅबिलोनियातील धर्मपंडित हाय गाओन यांच्या मते मात्र शंका नव्हतीच. गावोगावच्या भिन्न पण ग्राह्य रीती एकत्र केल्या गेल्या. हे मत जास्त पटणारे आहे. आज बहुतेक ठिकाणी १०० नाद होतात. तेकिया मधल्या नादांइतका लांब नसेल तर तो गट पुन्हा फुंकावा लागतो. शेवारीम-तेरुआ एका श्वासात की दोन, हा वाद शुल्हान आरुख ही धर्मनियमसंहिता (१५६५) बसून ऐकायच्या नादांत एक श्वास व उभ्याने ऐकायच्या नादांत दोन, असा मिटवतो.

नववर्षाच्या दिवशी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतिदिन) आल्यास शोफार फुंकत नाहीत. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासदिनाची समाप्तीही त्याच्या नादाने होते. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या) यहुदी समाजात नववर्षाआधीच्या एलुल महिन्यात शब्बाथ व महिन्याचा शेवटचा दिवस वगळता रोज सकाळी फुंकण्याची रीत आहे.

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाची जुनी सणनावे (नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण) शिंगाचा उल्लेख करीत नाहीत. त्यांचे मुंबईतील पहिले सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले.