गिफ्ट तिलापिया: मासा आफ्रिकेचा, तंत्र नॉर्वेचं, पैसा युनोचा

भिगवणला मासे खायला गेलेल्या माणसाला चिलापी (म्हणजेच तिलापिया) काय ते सांगायला नको. पण आजकाल शेततळेवाले 'गिफ्टचं बीज कुठे मिळेल' असं विचारत असतात, आणि एकाने तर मला विचारलं की फुकट वाटतात म्हणून गिफ्ट म्हणतात का. तसं नाहीये, ते जेनेटिकली इम्प्रूव्हड फार्म्ड तिलापिया याचं छोटं रूप आहे. पण भेट द्यायची भानगड या माशाच्या इतिहासात खरोखरच आहे.

तिलापिया मूळचा आफ्रिकेतला. आशियात पोचला तो असा, कोणीतरी कोणाला थोडे मासे दिले आणि मग तेच वाढवले. 1965 साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो (स्वतः माशांचे अभ्यासक) यांनी थायलंडच्या राजाला 50 नाईल तिलापिया पाठवले, ते राजवाड्याच्या आवारातल्या तळ्यात वाढवले आणि पुढच्याच वर्षी त्यांची 10,000 पिल्लं देशात वाटली. थायलंडमध्ये हा मासा गरिबाच्या ताटात आला तो असा. पण बाकी बऱ्याच ठिकाणी घोळ झाला, कारण मूठभर माशांपासून पिढ्यानपिढ्या बीज काढायचं, म्हणजे सगळी भावाबहिणीतलीच लग्नं, त्यात जुन्या मोझांबिक तिलापियाची (ही तिलापियाची दुसरी जात) भेसळ. 1980 च्या दशकात फिलिपिन्समधल्या तळ्यांत मासा नीट वाढेना.

इथे नॉर्वे येतं. त्यांनी 1970 च्या दशकात स्वतःच्या चाळीसेक नद्यांमधून सामन माशाची अंडी गोळा करून, गाई-डुकरांची पैदास सुधारतात तसंच निवड पद्धतीचं काम माशावर केलं होतं. 1988 ला मनिलाच्या इक्लार्म या मत्स्यसंशोधन संस्थेने (आताचं वर्ल्डफिश) नॉर्वेच्या अक्वाफोर्स्क या मत्स्यशेती संशोधन संस्थेला आणि फिलिपिन्सच्या संस्थांना सोबत घेऊन गिफ्ट प्रोजेक्ट सुरू केला, पैसा युएनडीपी (युनोचा विकास कार्यक्रम) आणि आशियाई विकास बँकेचा. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधून जंगली मासे आणले, शिवाय इस्रायल, सिंगापूर, तैवान, थायलंडचे पाळीव. गंमत म्हणजे इजिप्त, केनियाचे जंगली मासे पाळीव माशांच्या तोडीस तोड किंवा जास्तच वाढले, आणि सगळ्यात मागे राहिला घानावाला.

काम किचकट होतं. तिलापियाची मादी अंडी तोंडात उबवते, त्यामुळे एकेका जोडीची पिल्लं वेगवेगळ्या हाप्यात (बारीक जाळीचा पिंजराच तो) वाढवायची, टॅग लावण्याइतकी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मोठी झाली की सगळी कुटुंबं एकाच तळ्यात सोडायची, मग वजनं करून कुठल्या घराण्याचे मासे पुढे जातायत ते बघून पुढच्या पिढीचे आईबाप ठरवायचे. जीन कापणं, जोडणं असलं काही नाही, शेतकरी बियाण्याला चांगलं कणीस राखून ठेवतो तोच प्रकार, फक्त वहीत नीट नोंद ठेवून. दर पिढीला साधारण 12 ते 17 टक्के फरक पडत गेला, पाच पिढ्यांत मूळ माशांपेक्षा 85 टक्क्यांच्या आसपास.

1997 ला प्रोजेक्ट आणि पैसा दोन्ही संपलं. मासे सांभाळायला मागे एक फाउंडेशन काढलं होतं, त्याने 1999 मध्ये जेनोमार या नॉर्वेच्या कंपनीशी करार केला आणि पुढच्या सुधारित पिढीचे व्यापारी हक्क तिकडे गेले. सार्वजनिक पैशातून घडलेला मासा खाजगी कसा झाला यावर बरीच टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. सुदैवाने वर्ल्डफिशने स्वतःचं वेगळं वाण मलेशियात नेऊन पुढे चालू ठेवलं, आणि विजयवाड्याजवळच्या सरकारी केंद्रात आलेलं गिफ्ट वर्ल्डफिशकडूनच आलेलं.

आपल्याकडे नॉर्वेने हेच तंत्र रोहूवर वापरायला मदत केली, ते त्यामानाने निवांत झालं. भुवनेश्वरच्या सिफाने (गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची सरकारी संशोधन संस्था) 1992 पासून गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांमधले रोहू गोळा केले आणि 1997 ला, स्वातंत्र्याच्या पन्नाशीत, 'जयंती रोहू' काढला, पिढीमागे 17 टक्के वाढ. बक्कळ काम, पण गिफ्टइतका गाजावाजा नाही.

आणि आफ्रिका? मासे नेले 1988-89 ला, जैवविविधता करार त्यानंतरचा, म्हणजे मूळ देशांना वाटा वगैरे प्रश्नच नव्हता. वर गिफ्ट परत आफ्रिकेत न्यायला वर्ल्डफिशनेच बरीच वर्षं नकार दिला, कारण तो नदीत सुटला तर तिथल्या जंगली माशात मिसळेल, आणि ही भीती काही खोटी नाही. मग इजिप्तमध्ये अब्बासा, घानात अकोसोम्बो अशी तिथल्याच माशांपासून वेगळी वाणं काढली. पण शेतकऱ्याला लवकर वाढणारा मासा हवा असतो, तो कितीकाळ थांबणार? घानाच्या व्होल्टा तलावातल्या काही फार्मवर गुपचूप गिफ्ट पाळला जातोय हे पुढे डीएनए तपासणीत निघालंच.