कागदावरचं इंजिन आणि बॉनेटखालचं इंजिन

जुनी अमेरिकी मसल कार, म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन, विकायला निघाली की जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: ‘कारखान्यातूनच अशी आली होती.’ ते खरं ठरलं तर किंमत कैक पटींनी वाढते, म्हणून त्याभोवती दंतकथाही भरपूर. पंचाईत अशी की, अशक्य वाटणारी गोष्ट कधी खरी निघते आणि कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली गोष्ट कधी बनलेलीच नसते.

याचं मूळ मसल कारच्या जन्मातच आहे. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा तेव्हा दंडक होता. जनरल मोटर्सच्याच पॉन्टिॲक या ब्रँडमधले अभियंते जॉन डिलोरियन आणि मंडळींना टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन घालायचं होतं. नवं मॉडेल काढायचं तर वरच्यांची मंजुरी हवी. ऑप्शनला, म्हणजे आहे त्या मॉडेलवर जादा पैसे भरून घ्यायच्या सोयीला, ती लागत नव्हती. झालं! १९६४ची जीटीओ मॉडेल म्हणून नव्हे, तर सुमारे २९५ डॉलरचा ऑप्शन म्हणून आली आणि पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या.

पहिली मोठी थापही तिच्याच नावावर आहे. मार्च १९६४च्या ‘कार अँड ड्रायव्हर’मध्ये ती ४.६ सेकंदांत ताशी ६० मैलांवर गेल्याचं छापून आलं. त्या गाडीत ३८९ नव्हे, ४२१ घन इंचांचं इंजिन होतं, हे पॉन्टिॲकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे कितीतरी वर्षांनी कबूल केलं. तोवर तो आकडा लोकांना पाठ झाला होता.

उलट उदाहरण जनरल मोटर्सच्याच शेव्हरले या ब्रँडच्या ‘कोपो’चं. शेव्हरलेच्या १९६९च्या कॅमॅरो या गाडीला ४२७ घन इंचांचं इंजिन कारखान्यात कधी बसलंच नाही, ते सगळे डीलरचे उद्योग, असं आजही कुणी ठासून सांगतं. १९६७-६८पुरतं त्यात तथ्य आहे: पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डीलर डॉन येन्को तेव्हा आपल्याच वर्कशॉपमध्ये इंजिन बदलून देत. १९६९ला मात्र त्यांच्या गाड्या ४२७ घेऊनच कारखान्यातून निघाल्या. त्यासाठी वापरलेली वाट अगदीच साधी होती. ‘कोपो’ म्हणजे सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर. टॅक्सीवाल्यांना दणकट सीट हवी, एखाद्या ताफ्याला वेगळा रंग हवा, अशा घाऊक मागण्यांसाठीची ही सोय. गुप्त असं त्यात काही नव्हतं. डीलरच्या पुस्तकात ते नव्हतं इतकंच.

त्याच वाटेनं इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातले डीलर फ्रेड गिब यांनी झेडएल-१ हे अख्खं ॲल्युमिनियमचं इंजिन असलेल्या ५० कॅमॅरो मागवल्या. शर्यतीच्या नियमाला तेवढ्या गाड्या लागत होत्या. पण बिल आलं तेव्हा नुसत्या इंजिनाचेच ४,१६० डॉलर! गाडी सात हजारांच्या पुढे गेली, गिऱ्हाईक मिळेना, आणि गिब यांना बऱ्याच गाड्या कंपनीकडे परत कराव्या लागल्या. एकूण बनल्या ६९. ज्यांना तेव्हा कुणी हात लावेना, त्यांच्यासाठी आज लिलावात चढाओढ लागते.

आणि छापूनही न बनलेलं? शेव्हरलेच्याच कॉर्वेट या स्पोर्ट्स कारच्या १९७०च्या माहितीपत्रकांत एलएस-७ हे ४६० अश्वशक्तीचं इंजिन दिलेलं आहे. ते बसवलेली एकही कॉर्वेट गिऱ्हाइकाला मिळाली नाही. इंजिन मात्र सुटं, काउंटरवर मिळत होतं. त्यामुळे ‘माझ्या काकांकडे होती’ असं सांगणारा माणूस खोटाच बोलत असेल असं नाही. इंजिन कुणीतरी नंतर बसवलेलं असणार.

अश्वशक्तीच्या आकड्यांचं तर विचारूच नका. कॅमॅरोच्या झेड/२८ या प्रकाराची २९० कागदावरची, प्रत्यक्षात जास्त, असं जाणकार मानतात. उलट १९७१च्या कॉर्वेटमधलं एलएस-५ हे इंजिन एका मोजमापानं ३६५ भरे, दुसऱ्यानं २८५. इंजिन तेच, आधीचं मोजमाप नुसत्या इंजिनाचं, नंतरचं पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर लावून घेतलेलं.

मग ताडून बघायचं कशावरून? आपल्याकडे जुनी बुलेट घेताना आरसी बुक हातात धरून चॅसी नंबर आणि इंजिन नंबर बघतात, तसंच. पॉन्टिॲक आणि फोर्डच्या जुन्या नोंदी शाबूत आहेत, पैसे भरले की उतारा मिळतो. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरलेच्या तशा नोंदी उरलेल्या नाहीत, आणि तोतया गाड्यांचा सुळसुळाट नेमका तिथेच. मग मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेला, उंदरांनी कुरतडलेला बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागद, शोधायचा. हल्ली तोही नवा छापून मिळतो, म्हणून जाणकार टॉर्च घेऊन इंजिनाच्या ब्लॉकवर वाकतात. नंबर ठोकलेल्या सपाट पट्टीवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर त्या जागी पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. नाहीतर रेघाही कुणीतरी हातानं ओढलेल्या असतात, जरा वाकड्या.